जुना दे, नमुन्याला

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावेडीच्या पेट्रोल पंपावर उभा होतो. आमच्या गाडीला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. ते टोपणाने मापून मी टाकीत ओतत होतो आणि मागे रांगेतली मंडळी नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवत होती. फोनवर त्याच्या मुलाचं, प्रशांतचं नाव दिसलं. मला वाटलं, मिलिंदनेच पोराच्या फोनवरून लावला असेल. स्वतःचा फोन चार्ज करायचं त्याच्या कधीच लक्षात राहत नसे. म्हणून मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता विचारलं, "काय रे, सापडलं का?" पलीकडून प्रशांत म्हणाला, "काका, पप्पा गेले."

मी जे विचारत होतो ते किकचं रबर होतं. माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलेला, त्याला पाणीही दुसऱ्याने पाजावं लागत होतं, आणि मी त्याच्याकडून किकच्या रबराची वाट बघत होतो. तेही साधं नाही, कंपनीचा शिक्का असलेलं. त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, मिलिंदबद्दल चांगलं बोलतात, तुम्ही त्याच्यावर लिहा असं म्हणतात. मी लिहायला बसतो आणि दर वेळी ते वाक्य आधी कानात येतं... "काय रे, सापडलं का?"

मिलिंद भिंगारचा. लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मी नेवासा तालुक्यातला, घोडेगावजवळच्या एका वस्तीवरचा. नगरला कॉलेजात आलो तेव्हा भिंगारच्या जुन्या बाजारामागे खोली घेऊन राहिलो आणि शेजारच्या घरात हा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, पण सगळा मुलूख त्यांना डॉक्टरच म्हणायचा. ते कळल्यावर मिलिंदने मला 'डॉक्टर' हे नाव ठेवलं ते शेवटपर्यंत. मी पुढे मोजणी खात्यात लागलो, लोकांच्या शेतांच्या हद्दी दाखवत जिल्हाभर फिरलो. एकदा एका तंट्याच्या जागी, दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी असताना, हा रस्त्यावरून ओरडला, "ओ डॉक्टर, चला की चहाला!" आणि तिथल्या म्हातारीने मला विचारलं, "आता मोजणीला गुरांचा डाक्टर पाठवत्यात का?" काठ्या त्या दिवशी उठल्या नाहीत, तेवढा उपयोग झाला.

दादांची मोटारसायकल त्या भागात आवाजावरून ओळखू यायची. काळी, दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक. ती गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. घोडेगावचा गुरांचा बाजार शुक्रवारचा, आणि शुक्रवारी दादा बाजारात असणार म्हणजे असणारच. मिलिंद सुट्टीला माझ्याबरोबर वस्तीवर यायचा. बाजार उठल्यावर मोकळ्या पडलेल्या त्या मैदानात, शेणाचे पो चुकवत, दादांनी त्याला गाडी शिकवली. मला आधी शिकवायला हवी होती, पण मी क्लच जोरात सोडायचो म्हणून दादा माझ्यावर वैतागायचे. "ह्याच्याकडं बघ," मला म्हणायचे, "कसा दमानं सोडतोय. तू म्हंजी दावं तोडल्यागत करतोस." नोकरी लागल्यावर मिलिंदने पहिली गाडी घेतली ती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, फक्त रंग मरून. "घ्यायची तर दादांसारखी," एवढंच त्याचं म्हणणं होतं. वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने निघालेल्या दोन गाड्या. बहिणी-बहिणीच म्हणा.

एका शुक्रवारी बाजारात एक खिलार बैल उधळला आणि त्याचं शिंग दादांच्या गाडीच्या हेडलाइटवर बसलं. काच फुटली, ती बदलली, पण काचेभोवतीच्या चकचकीत रिंगला अंगठा दाबल्यासारखा एक पोचा पडला तो तसाच राहिला. नवी रिंग तेव्हा सहज मिळत होती. दादांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "बैलाची सही हाय ती." त्या पोच्यामुळे दिव्याचा झोत जरा डावीकडे पडायचा. दादा म्हणायचे, बरंच हाय, रस्त्याच्या कडंची जनावरं आधी दिसत्यात.

दादा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. कार्बुरेटर पार झिजलेला होता, गाडी दर मैलाला बंद पडायची. नगरमध्ये माळीवाड्यापासून स्टेशनपर्यंत मी सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार 'लोकल' दाखवायचे, म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात नमुन्याबरहुकूम केलेला माल, दिसायला तोच. बसवला की गाडी आठ दिवस खूश, नवव्या दिवशी पुन्हा रुसलेली. शेवटी मी वैतागून मिलिंदला म्हणालो की विकून टाकतो. तेव्हा आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दादांची गाडी इकतो? येड लागलं का तुला?"

"पार्टच मिळत नाहीत तर काय पूजा करू तिची?"

"कोण म्हनतो मिळत न्हाईत? मी आनतो. वरिजनल आनतो. जुना दे, नमुन्याला."

जुन्या गाड्यांच्या धंद्यात हा रिवाज आहे. पार्टाचं नाव सांगून भागत नाही, एकाच नावाचे चार प्रकार निघतात. म्हणून झिजलेला, मेलेला का होईना, जुना पार्ट फडक्यात गुंडाळून दुकानात न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, असा द्या. मी कार्बुरेटर काढून दिला. पंधरा-वीस दिवसांनी रविवारी सकाळी मिलिंद दारात. हातात वर्तमानपत्राचं पुडकं. "सापडला एक," म्हणाला. आत कंपनीचा शिक्का असलेला, स्वच्छ पुसलेला कार्बुरेटर. स्वतःच बसवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाडी पहिल्या किकला लागली आणि मी त्याला मिठी मारली. जुना कुठे गेला हे मी विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

तिथून हा सिलसिला सुरू झाला. आणि मिलिंदची गोष्ट सांगण्याची हातोटी अशी की पार्टापेक्षा त्याची कथाच मला जास्त आवडायची. स्पीडोमीटर म्हणे श्रीगोंद्याला सापडला. एका मिटलेल्या दुकानाच्या माळ्यावर, खोका उंदरांनी खाल्लेला, आतला माल शाबूत, मालक उसाच्या टोळीत हिशेबनीस झालेला, त्याला कारखान्याच्या गेटवरून शोधून आणावं लागलं. सायलेन्सरचा जोड जामखेडच्या एका माणसाकडे, त्याने तो गोठ्यात गव्हाणीवर आडवा बांधला होता, म्हशीला दावं अडकवायला. "म्हस सोडंना रे," मिलिंद सांगायचा, "मला म्हनली, आधी दुसरी खुंटी दाखव." मी हसून लोटपोट. माझी बायको विचारायची, हे सगळं यांना खरंच कुठे सापडतं हो? मी म्हणायचो, भिंगारवाल्यांना भंगार बरोबर सापडतं. हा विनोद मी किती ठिकाणी केला असेल त्याला गणती नाही, मिलिंदच्या तोंडावरही केला. तोही हसायचा.

काही वस्तू त्याने खरोखर शोधल्या, हे सांगितलं पाहिजे. केबली, गॅस्केटं, प्लग, काचा. त्यासाठी तो राहुरी, संगमनेर, कुठे कुठे हिंडला, भंगारवाल्यांच्या ढिगात हात काळे केले. डेपोतून सुटला की संध्याकाळी याच कामाला. गावोगावची जुन्या गाड्यांची हौशी मंडळी त्याला ओळखायला लागली. जे कुठे नाही ते भिंगारच्या मिलिंदकडे, असं नावच झालं त्याचं. त्याला ते आवडायचं. कुणी मागितलं आणि हा 'नाही' म्हणाला असं मी ऐकलं नाही. आणि मला नाही म्हणणं तर त्याला शक्यच नव्हतं, कारण ओट्यावर शब्द देऊन बसला होता.

मलाही चटक लागली होती. आधी गाडी चालावी म्हणून पार्ट लागत होते, पुढे ती नव्यासारखी दिसावी म्हणून लागायला लागले. एके दिवशी मी म्हणालो, हेडलाइटची रिंग बदलू. मिलिंदने त्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"ही कशाला बदलतो?"

"गाडी सगळी ओरिजनल पाहिजे मला."

"मग ही काय लोकल हाय का?"

मी म्हणालो, अरे पोचा आहे तिला, दिसायला बरं दिसत नाही. त्याने फडक्याने रिंग पुसली. मग म्हणाला, "बरं. जुनी दे, नमुन्याला."

इथे एक गोष्ट लिहायची टाळत होतो. या सगळ्या काळात माझ्या मनात एकदा आलं होतं, हा हे पार्ट डेपोतून तर आणत नसेल? स्टोअर त्याच्याच ताब्यात. लष्कराकडे आमच्यासारख्या गाड्या नव्हत्या हे मला माहीत होतं, तरी आलं. आणि आल्यावर मी काय केलं? गप्प बसलो. विचारलं असतं तर एक तर मैत्री गेली असती किंवा पार्ट बंद झाले असते, आणि खरं सांगायचं तर मला दोन्हीतलं पार्टांचंच जास्त वाटत होतं. ज्याच्या घरी मी कॉलेजात असताना भाकरी खाल्ली, ज्याच्या आईने माझ्या तापात उशाशी बसून बुद्धवंदना म्हटली, त्याला मी मनातल्या मनात चोर ठरवलं आणि वर चोरीचा माल घ्यायलाही तयार होतो. ही शंका मला दुसऱ्या कुणा मित्राबद्दल, माझ्या नात्यागोत्यातल्या कुणाबद्दल आली असती का... हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. आता विचारतो आणि उत्तर मला आवडत नाही.

नगरला जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरलं. त्याच्या तोंडावर माझ्या गाडीची कॉइल गेली. कॉइल गेली म्हणजे ठिणगी गेली, गाडी म्हणजे नुसतं लोखंड. मी मिलिंदला रोज फोन करायचो. काहीही कर, पण प्रदर्शनाच्या आधी आण. तो म्हणाला, बघतो. एरवी तो 'आनतो' म्हणायचा, त्या वेळी 'बघतो' म्हणाला, पण हा फरक ऐकण्याइतकं माझं लक्ष होतं कुठे! आदल्या दिवशी कॉइल घेऊन आला, बसवली, चहासुद्धा न घेता गेला. या वेळी गोष्टही सांगितली नाही. मी विचारलं, कुठे मिळाली, तर म्हणाला, "मिळाली बाबा एकदाची."

प्रदर्शनात माझ्या गाडीभोवती गर्दी. शंभर टक्के ओरिजनल, असं माइकवरून सांगितलं गेलं. मिलिंद सहा आसनी रिक्षाने आला होता, फडकं घेऊन टाकीवरचे बोटांचे ठसे पुसत होता. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी मिलिंदचे आभार मानले आणि नेहमीच्या सवयीने पुढे म्हणालो, "या माणसाने अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या रस्त्यावर आणल्या, स्वतःची मात्र घरीच झोपवली आहे. रिक्षाने आलाय आज!" लोक हसले. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. कुणीतरी त्याला विचारलं, का हो, तुमची का नाही काढली? तो म्हणाला, "एक पार्ट मिळत न्हाई. शोधतोय."

त्यानंतर तो माझ्याकडे आला तो रिक्षानेच, नाहीतर बसने. त्याच्या घरी मी जायचो तेव्हा मागच्या पत्र्याच्या शेडात निळी ताडपत्री घातलेली गाडी दिसायची. काय झालं का गाडीचं, असं विचारलं की तेच उत्तर, शोधतोय. मी आत जाऊन ताडपत्रीचं एक टोकही कधी उचललं नाही. माझी गाडी चालत होती ना!

शेवटची भेट त्याच्या आजारपणात, तो अंथरुणाला खिळायच्या आधी झाली. वजन उतरलं होतं, हात कापायचे. मी गाडीवर गेलो होतो. तो ओट्यावर येऊन बसला आणि गाडीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, एक चक्कर मारून आनू का?" मी त्याच्या हातांकडे बघितलं. म्हणालो, "तू मागे बस, मी नेतो." त्याने वाद घातला नाही. मी त्याला कॅन्टोन्मेंटच्या झाडांच्या रस्त्याने हळूहळू फिरवून आणलं. तो मागून एक हात माझ्या खांद्यावर आणि एक सीटखाली ठेवून बसला होता. एका चढावर म्हणाला, "आता गिअर टाक. ती मागतीय." मी टाकला. उतरताना त्याने पुढे येऊन हेडलाइटवरून हात फिरवला. मी म्हणालो, किकचं रबर तेवढं राहिलंय बघ. तो म्हणाला, "बघतो."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. प्रशांतची नोकरी चाकणला. आईला बरोबर न्यायचं, घर भाड्याने द्यायचं असं ठरलं आणि वहिनींनी, मिलिंदच्या बायकोने, मला फोन केला की गाडी बघायला पुण्याहून एकजण येतोय, त्यातलं आम्हाला कळत नाही, भाऊजी तुम्ही या. मी गेलो. आलेला माणूस तरुण होता, सभ्य होता, जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करून वापरणारा. प्रशांत त्याला मोठ्या अभिमानाने सांगत होता, पप्पांची गाडी आहे, म्हणजे बघायलाच नको, लोक पप्पांकडून पार्ट न्यायचे. वहिनी मागच्या दारात पदर धरून उभ्या होत्या. प्रशांतने ताडपत्री ओढली.

त्या माणसाने टॉर्च लावून सगळं बघितलं. कार्बुरेटर हलवून पाहिला, किकला हात लावला. मग ओशाळून म्हणाला, "काका, रागावू नका. पार्ट कंपनीचेच आहेत, पण एकही जिवंत नाही. सगळे संपलेले. असे पार्ट कुणी गाडीला लावत नाही हो, लावलेले काढतात. ही गाडी... म्हणजे भंगारच आहे." प्रशांतचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला. "काका, हे काय आहे? पप्पा तर सांगायचे..." पुढचं त्याला बोलवेना. बापाने आयुष्यभर थापा मारल्या, असं ते न बोललेलं वाक्य होतं.

मला उत्तर द्यायचं होतं, पण माझं लक्ष हेडलाइटकडे गेलं होतं. रिंगवर, डाव्या अंगाला, अंगठा दाबल्यासारखा पोचा.

मग सगळं एकामागून एक दिसत गेलं. चाळिसावर अडकलेला दादांचा स्पीडोमीटर. सायलेन्सरवर आईने एकदा ओला टॉवेल वाळत टाकला होता त्याचा डाग. दादांच्या टाचेने एका बाजूने झिजलेली किक. मी नमुन्याला म्हणून दिलेली एकूण एक वस्तू या मरून गाडीच्या अंगावर होती. आणि तिच्या अंगावरचं सगळं बाहेर रस्त्याकडेला, माझ्या गाडीवर, उन्हात चमकत उभं होतं. आयुष्यभर मी मोजणी केली. एकाचं क्षेत्र वाढून निघालं की शेजाऱ्याचं कमी झालेलं असतं, हे मी अडाणी माणसालाही समजावून सांगत आलो. आणि माझ्या गाडीत वर्षानुवर्षं भर पडत होती तेव्हा ती कुणाच्या हद्दीतून येते हे मला बघावंसं वाटलं नाही. श्रीगोंद्याचा माळा नव्हता, उंदीर नव्हते, जामखेडची म्हैसही नव्हती. होतं ते हे शेड, आणि शेडात एकटा बसून स्वतःच्या चालत्या गाडीचे नट खोलणारा मिलिंद.

मी प्रशांतला म्हणालो, "तुझे पप्पा खोटं बोलले नाहीत. ही गाडी विकू नकोस, हिचे पार्ट माझ्याकडे आहेत." आणि त्या परक्या माणसासमोर, प्रशांतसमोर, सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. तो पुण्याचा मुलगा टॉर्च बंद करून बाजूला जाऊन उभा राहिला आणि थोड्या वेळाने नमस्कार करून निघून गेला. प्रशांतने बाहेर जाऊन माझी गाडी बघितली, परत येऊन ही बघितली.

वहिनी मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पाणी दिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय. न कळायला काय झालं? माझ्याच म्होरं तर काढायचे. पयल्या डावाला म्हनले, तात्पुरतं हाय, मला मिळाला की मी माझ्या गाडीला बसवीन. शोधत बी हुते, खोटं कशाला बोलू. पन मिळंना. मग दुसरा दिला, तिसरा दिला..."

"तुम्ही अडवलं नाही?"

"अडवलं की. कॉइल काढली त्या दिवशी भांडले मी. म्हनलं, आता तुमी कशावर जानार? तर म्हनले, दादांची गाडी बंद पडली तर डॉक्टर इकून टाकील. आपली बंद पडली तर आपन काय इकनार न्हाई." त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. "तुमच्या गाडीचा आवाज आला ना भाऊजी, की खिडकीत जायचे. मला म्हनायचे, आली बघ माझी. हे गेले त्या दिवशी घरात सगळी रडत हुती, अन् रस्त्यावर आवाज आला... मला वाटलं, हेच आले."

मला भांडायला कुणी हवं होतं. वहिनींनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा टाकला.

पुढचे दोन-तीन रविवार मी भिंगारला जात राहिलो. मी आणि प्रशांत, दोघं मिळून एकेक वस्तू माझ्या गाडीची काढून त्याच्या बापाच्या गाडीला आणि तिच्यावरची दादांची माझ्या गाडीला लावत होतो. प्रशांत पहिल्या रविवारी माझ्याशी कामापुरतंच बोलला, ते मी समजू शकतो. रिंग बदलताना मी त्याला बैलाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. कॉइल शेवटी काढली. ती मरून गाडीला बसवली आणि प्रशांतने किक मारली. दुसऱ्या किकला ती लागली. निळा धूर शेडभर झाला. तो तिला रस्त्यावर घेऊन गेला, आणि वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या, तो वळून परत येईपर्यंत तिथेच होत्या. गाडी आता चाकणला जाणार आहे, त्यांच्याबरोबर.

दादांची मेलेली कॉइल जमिनीवर पडली होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली. वहिनींनी बघितलं. काहीतरी बोलायचं म्हणून, थोडं हसावं म्हणून मी म्हणालो, "ही नेतो, नमुन्याला."

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "न्ह्या. पन दावनार कुनाला, भाऊजी?"

मी पुडकं पिशवीत ठेवलं. माझी गाडी टेम्पोत चढवली. निघताना त्यांनी ताडपत्री घडी घालून टेम्पोत ठेवली, म्हणाल्या, आता आमाला लागत न्हाई.

दादांची गाडी सध्या माझ्या पार्किंगमध्ये त्या निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. आता ती अगदी दादांच्या वेळची आहे, पोच्यासकट, आणि चालत नाही. पुडकं घरात खिडकीवर ठेवलंय. इमारतीतली माणसं जाता-येता विचारतात, काय साहेब, हल्ली आवाज येत नाही, गाडी बाहेर काढत नाही का? मी म्हणतो, एक पार्ट मिळत नाही. शोधतोय.